चॉकलेटचें कारंजें

वाढदिवसाच्या मेजवानींत मांडलेलें चॉकलेटचें कारंजें आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांनीं पाहिलें असेल. लहानशा मनोऱ्यावरून चॉकलेटचा तुकतुकीत पडदा अखंड ओघळत असतो, आणि भोंवतीं जमलेलीं मुलें काडीला टोंचलेली स्ट्रॉबेरी किंवा केळ्याची फोड त्याखालीं धरून मिटक्या मारीत खातात. हें यंत्र आतां घरगुती आकारांतही मिळतें. परंतु यंत्र आणलें म्हणजे कारंजें उडालें, असें मात्र नव्हे. त्याचें सारें यश चॉकलेट कसें तयार केलें यावर अवलंबून असतें. हा धडा आम्हां भावंडांस फजितीच्या शाळेंत मिळाला. इतरांस तो स्वस्तांत मिळावा, एवढ्याच हेतूनें हा लेख लिहीत आहों.

प्रथम यंत्राची रचना पाहूं. तळाशीं एक तसराळें असून तें विजेनें ऊबदार राहतें. त्याच्या मधोमध उभी नळी असते व नळींत एक मळसूत्र फिरत असतें. आर्किमिडीजच्या नांवानें ओळखल्या जाणाऱ्या मळसूत्रानें ज्याप्रमाणें खालचें पाणी वर चढवितात, त्याचप्रमाणें येथें चॉकलेट वर चढतें, शिखरावरून सांडतें आणि पायरीपायरीनें उतरून पुन्हां तसराळ्यांत येतें. हा फेरा अखंड चालावयाचा, तर चॉकलेट पुरेसें पातळ हवें.

तें पातळ कशानें होतें? चॉकलेट म्हणजे कोको, साखर आणि दुधाची भुकटी यांचे अत्यंत बारीक कण, कोकोच्या बियांतच असणाऱ्या स्नेहांत कालवलेले. या स्नेहास कोको बटर म्हणतात. तें सुमारें ३४ अंश सेल्सिअस उष्णतेस वितळतें. म्हणूनच चॉकलेट जिभेवर ठेवतांच विरघळूं लागतें. स्नेह जितका अधिक, तितकें वितळलेलें चॉकलेट अधिक वाहतें. पाण्याचा अंश मात्र त्यांत जवळजवळ नसतो, आणि आमची फजिती याच गोष्टीच्या अज्ञानामुळें झाली.

गेल्या जानेवारींत धाकट्या भावाच्या वाढदिवशीं १ किलो चॉकलेट वितळवून आम्हीं कारंज्यांत ओतलें. तें दाट वाटलें, म्हणून आम्हींच त्यांत दोन चमचे ऊन पाणी घातलें. पाहतां पाहतां त्याचा खरबरीत गोळा झाला. यंत्र नुसतें घरघरूं लागलें, हातांत काड्या घेतलेलीं मुलें एकमेकांकडे पाहूं लागलीं आणि भावाचें तोंड उतरलें. तेव्हां आजी पुढें झाली. तिनें तो गोळा पातेल्यांत काढून त्यावर भरपूर कढत दूध ओतलें, ढवळलें आणि पेले भरून मुलांच्या हातीं दिले. मुलें खूष झालीं. भावानें मात्र आपल्या पेल्यास तोंड लावलें नाहीं.

मागाहून कारण समजलें. थोडेसें पाणी साखरेच्या कणांस लागलें कीं ते चिकट होऊन एकमेकांस धरून बसतात. पुष्कळ दूध घातलें म्हणजे साखर विरघळून जाते व मिश्रण पुन्हां पातळ होतें. तें पिण्यास उत्तम, परंतु कारंज्याच्या उपयोगाचें नव्हे.

म्हणून कृति अशी करावी. भांडीं, पळी व फळें अगदीं कोरडीं असावीं. पातेल्यांत पाणी ऊन करून त्यावर दुसरें भांडें बसवावें, आणि त्यांत चॉकलेटचे बारीक तुकडे घालून मंद आंचेवर ढवळावें. वाफ आंत शिरूं देऊं नये. दुधाचें चॉकलेट ४५ अंशांहून अधिक तापूं देऊं नये. फार तापल्यास तें दाट होतें व करपतें. ‘कुव्हर्चर’ या जातींत कोको बटर निदान ३१ टक्के असल्यामुळें तेल थोडेंच लागतें. साध्या वडीच्या चॉकलेटास मात्र किलोमागें १०० ते १५० मिलिलिटर वास नसलेलें तेल घालावें. लोणी घालूं नये, कारण त्यांत पाणी असतें. पळीनें उचलून सोडलें असतां धार मध्यें न तुटतां पडली, म्हणजे चॉकलेट तयार झालें असें समजावें. यंत्र अगोदर पांच मिनिटें तापवून मगच तें ओतावें. मेज सपाट असावें, नाहींतर पडदा एका बाजूस फाटतो. पंखा बंद ठेवावा, नाहींतर वाऱ्यानें चॉकलेट थिजतें. चावलेली फोड पुन्हां बुडवूं देऊं नये, कारण तेंच चॉकलेट फिरून सर्वांच्या वांट्यास येतें. उरलेलें चॉकलेट मोरींत ओतूं नये; तें नळांत थिजून बसतें.

पुढल्या रविवारीं आम्हीं त्याच मुलांस पुन्हां बोलाविलें. या खेपेस पडदा अखंड पडला, आणि महाबळेश्वरची नीट पुसलेली पहिली स्ट्रॉबेरी भावानेंच त्याखालीं धरली. इतक्यांत त्यानें विचारलें, “हा पडदा सरळ खालीं न पडतां आंत कां वळतो?” त्या वेळीं आम्हांस उत्तर देतां आलें नाहीं. शोध करतां कळलें कीं, लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांतील अ‍ॅडम टाउनसेंड व हेलन विल्सन या गणितज्ञांनीं २०१५ सालीं याच प्रश्नावर निबंध प्रसिद्ध केला असून, पडदा आंत ओढला जाण्याचें मुख्य कारण पृष्ठताण होय, असें दाखविलें आहे. भावास तें आम्हीं त्याच रात्रीं समजावून सांगितलें. आपल्या घरीं कारंजें मांडणाऱ्या वाचकांनींही पडद्याकडे क्षणभर निरखून पाहावें, आणि पाण्याचा पेला मात्र दूर ठेवावा.