जुन्या आमराईसाठी चेनसॉ

लखनऊजवळ रहमानखेड्यात १९७२ साली केंद्रीय आंबा संशोधन केंद्र सुरू झाले. आजची केंद्रीय उपोष्ण बागवानी संस्था ती हीच. मलिहाबादच्या दशहरी पट्ट्यात थकलेल्या आंब्यांना पुन्हा फळांवर आणण्यासाठी तिने पुनरुज्जीवन छाटणी रुजवली. डिसेंबरच्या सुमारास मुख्य फांद्या जमिनीपासून तीन-चार मीटरवर कापतात. कुऱ्हाडीने फांदी चिरते, साल सोलवटते. चेनसॉचा काप सपाट येतो, त्यावर कॉपर ऑक्सिक्लोराइडचा लेप नीट बसतो.

मशीन घेताना आधी चेन ब्रेक पाहावा. पात्याच्या टोकाचा वरचा भाग लाकडाला लागला की मशीन उसळून अंगावर येते, तेव्हा हाच ब्रेक जीव वाचवतो. पाते फांदीच्या जाडीनुसार घ्यावे. विनाकारण लांब पाते म्हणजे हातावर फुकटचा भार. गावाजवळ सुटे भाग आणि दुरुस्ती मिळत नसेल, तर महागडे मशीनही घेऊ नये.

साखळीला धार असेल तर जाडसर चुरा पडतो. पिठासारखा भुसा पडू लागला की थांबून कानस फिरवायची. जड फांदीला पहिला काप खालून द्यावा, मग वरून, म्हणजे साल खोडापर्यंत फाटत नाही.