रात्रीचा दिवस: कादंबरीतलं शहर आणि पायाखालचं

कठड्यावरून उडी

जेम्स जॉइसची ‘युलिसिस’ १९२२ साली पॅरिसमध्ये छापली गेली. गोष्ट एकाच दिवसाची, १६ जून १९०४ची, आणि गाव डब्लिन. ती लिहिली मात्र गाव सोडून गेल्यावर, परमुलखात बसून. म्हणून मामीला पत्र धाडून विचारणं आलं: एकल्स स्ट्रीटवरच्या सात नंबरच्या, म्हणजे नायकाच्या, घराचा कठडा ओलांडून साध्या माणसाला खाली उतरता येईल का? सातशेवर पानांच्या पुस्तकात एवढ्याशा उडीची ही काळजी! नकाशा इतका पक्का, पण सांगायचं होतं ते चालणाऱ्याच्या डोक्यातलं. दुकानाची पाटी वाचता वाचता मेलेला मुलगा आठवतो, वाक्य तिथेच तुटतं.

व्हर्जिनिया वूल्फने १९२५मध्ये आपल्या कादंबरीत लंडनचं तसंच केलं. तिथे बिग बेनचे टोले विचारांच्या मधे येतात.

मर्ढेकर

मराठीत ही वाट बा. सी. मर्ढेकरांनी पाडली. जन्म १९०९चा, खानदेशातल्या फैजपूरचा. पुढे लंडनला शिक्षण. ‘रात्रीचा दिवस’ (१९४२) ही मराठीतली संज्ञाप्रवाहाची, म्हणजे डोक्यातल्या विचारांच्या ओघाची, पहिली कादंबरी मानतात. शीर्षकात आपला रोजचा वाक्प्रचार आहे, राबणाऱ्या माणसाचा. नंतर ‘तांबडी माती’ आणि ‘पाणी’ आल्या. पण माझं मत विचाराल तर त्यांची मुंबई कादंबऱ्यांपेक्षा कवितेत जास्त भेटते. तिथे यंत्रं आहेत, गर्दी आहे, पिंपात मेलेले उंदीरसुद्धा आहेत. ‘काही कविता’वर (१९४७) अश्लीलतेचा खटला झाला, त्यातून ते निर्दोष सुटले.

सुरगाण्याहून

मर्ढेकरांच्या मुंबईपलीकडेही एक शहर आहे. नाशिक जिल्ह्यातल्या सुरगाण्याची माणसं द्राक्षांच्या हंगामात दिंडोरी-निफाडकडे मजुरीला उतरतात. त्यांचं शहर म्हणजे नाशिकचं सीबीएस बसस्थानक, डोक्यावरचं गाठोडं आणि मुकादमाची हाक. हे शहर संज्ञाप्रवाहात कोणीतरी लिहावं, असं मला फार वाटतं. सुरुवात कुठून करायची, तेही ठाऊक आहे: एका मोर्चातून.

६ मार्च २०१८ रोजी नाशिकहून किसान सभेचा मोर्चा निघाला. वनजमिनीचा हक्क मागणारे सुरगाण्याचे आदिवासी त्यात मोठ्या संख्येने होते. सुमारे १८० किलोमीटर चालून ११ तारखेला मोर्चेकरी मुंबईत पोचले. दुसऱ्या दिवशी दहावीचा पेपर होता. पोरांचे रस्ते अडू नयेत म्हणून शीवच्या सोमय्या मैदानावरून रात्रीच उठून सगळे आझाद मैदानाकडे निघाले. लाल टोप्या, फुटलेले पाय, आणि दोन्ही अंगांना बंद दुकानं.