कडक साबणासाठी स्वस्तातला दाढीचा ब्रश कुठला घ्यायचा?

हा भाग लोकलच्या गोंगाटात अर्धाच ऐकू आला असेल, किंवा हेडफोन घरी राहिले असतील, तर त्यांच्यासाठी हा लेखी अवतार. जसं बोललो तसंच ठेवलंय. मधले "अं" आणि "म्हणजे काय की" तेवढे कापलेत.

दाढीच्या वडीच्या साबणावर भाग केला तेव्हापासून इनबॉक्समध्ये एकच तक्रार फिरतेय. "दादा, तू म्हणालास म्हणून साबण आणला, पण फेसच येत नाही. डुप्लिकेट निघाला का?" एक श्रोता हॉटेल मॅनेजमेंटचं ट्रेनिंग करतोय. त्याला रोज सकाळी क्लीन शेव्ह सक्तीची आहे. त्यानं मानेचा फोटो पाठवला, सगळी लाल, जागोजागी बारीक फोड. त्याच्यासाठी हा शौकाचा विषय नाहीये. सुपरवायझर रोज रांगेत उभं करून गाल बघतो. फेस पातळ असेल तर ब्लेड घसरत नाही, ओढतं. मग आपण त्याच जागेवरून पुन्हा पुन्हा फिरवतो, आणि केस आत वळून त्यांचे फोड होतात.

त्याला विचारलं, ब्रश कुठला आहे? उत्तर आलं, "किराणा दुकानातला, ४० रुपयांचा." साबण बरोबर होता. तो साबण उचलणारं हत्यार चुकीचं होतं.

आधी वडी आणि क्रीम यांच्यातला फरक बघू, कारण सगळं तिथूनच निघतं. साबण म्हणजे तेल किंवा चरबी अधिक अल्कली. कॉस्टिक सोडा, म्हणजे सोडियमवाला, वापरला की साबण घट्ट होतो. पोटॅशियमवाला वापरला की मऊ राहतो. ट्यूबमधल्या क्रीममध्ये पोटॅशियमचा भाग जास्त आणि वर भरपूर पाणी. त्यामुळे बोटाएवढं क्रीम काढलं आणि कसल्याही ब्रशनं घासलं तरी फेस होतो. वडीत दोन्ही अल्कली असतात, स्टिअरिक अॅसिड भरपूर असतं आणि पाणी अगदी कमी. चांगल्या वड्या तर रोलरमधून दोन-तीनदा दाबून काढलेल्या असतात, त्यामुळे दगडासारख्या घट्ट होतात आणि महिनोन्‌महिने पुरतात.

म्हणजे वडीसोबत ब्रशला दोन कामं करावी लागतात. आधी वरचा ओला थर खरवडून उचलायचा, मग त्यात पाणी आणि हवा मिसळायची. क्रीमच्या बाबतीत पहिलं काम कंपनीनंच करून ठेवलेलं असतं. विरळ, लुळा ब्रश वडीवर फिरवला तर केस आडवे पडतात आणि वडीवरून नुसते सरकत जातात. वाटीत उरतं ते साबणाचं पाणी.

आता थोडं इंजिनिअरिंग. मी कॉम्प्युटरवाला आहे, पण हॉस्टेलमध्ये मेकॅनिकलचा रूममेट असला की काही गोष्टी कानावर पडतातच. ब्रशचा प्रत्येक केस म्हणजे एक कॅन्टिलिव्हर, एका टोकाला पक्का आणि दुसऱ्या टोकाला मोकळा, बाल्कनीच्या स्लॅबसारखा. टोकाला तेवढाच जोर दिला तर तो किती वाकेल हे लांबीच्या घनावर अवलंबून असतं. मुठीच्या वर दिसणारे केस एका ब्रशचे ५० मिलिमीटर आणि दुसऱ्याचे ६५ मिलिमीटर असतील, तर लांबी ३० टक्केच जास्त आहे, पण केस सुमारे २.२ पट जास्त वाकतो. जाडीचं गणित तर आणखी जबरदस्त आहे. ताठपणा जाडीच्या चौथ्या घातानं वाढतो. केस दुप्पट जाड असेल तर १६ पट ताठ. प्रत्यक्षात केस एकमेकांना टेकून उभे असतात, त्यामुळे आकडे अगदी असेच येणार नाहीत, पण दिशा हीच.

खरेदीसाठी याचा अर्थ एवढाच की फोटोत रुबाबदार दिसणारा लांब, झुपकेदार ब्रश वडीसाठी बहुतेक वेळा चुकीचा. आखूड आणि भरीव बघा. स्वस्तातल्या ब्रशमध्ये केसांच्या जुडग्याचा व्यास, ज्याला ऑनलाइन सगळे "नॉट" म्हणतात, तो २२ ते २४ मिलिमीटर आणि केसांची लांबी ५० ते ५५ च्या आसपास असली की डोळे झाकून पुढे जा. सिंथेटिक असेल तर लांबी ५० च्या जवळ ठेवा. डुकराचे केस मुळात जाड असतात, त्यामुळे ते ५५ च्या वर गेले तरी काम करतात.

हो, डुकराचे केस. पाकिटावर "प्युअर ब्रिसल" किंवा "नॅचरल ब्रिसल" लिहिलेलं असतं, तेव्हा बहुतेक वेळा ते डुकराचे केस असतात. मागच्या वेळी हे बोललो तर दोघा-तिघांचे मेसेज आले, "दादा, आधी सांगायचं ना, घरी चालत नाही." मुस्लिम मित्र आहेत, कडक शाकाहारी घरं आहेत, जैन घरं आहेत. पाकिटावर मराठीत काय, इंग्रजीतही धड लिहिलेलं नसतं. तेव्हा चालत नसेल तर "सिंथेटिक" हा शब्द छापलेला असेल तरच घ्या, दुकानदाराच्या तोंडी खात्रीवर नको. तोच नियम साबणाला. परदेशी वडीच्या घटकांत "टॅलोएट" असा शब्द दिसला तर ती जनावराची चरबी आहे.

ज्यांना चालतं त्यांच्यासाठी, कडक साबण आणि कमी बजेट या जोडीला डुकराच्या केसांचा ब्रश ही जुनी आणि पक्की निवड आहे. इटलीची ओमेगा आणि पोर्तुगालची सेमोग या कंपन्यांचे साधे ब्रश जगभर न्हावी वापरतात, आणि आयात होऊनही ते बॅजरपेक्षा खूप स्वस्त पडतात. पण या ब्रशला थोडा धीर लागतो. कोरडा असताना तो झाडूसारखा टोचतो. केस पाणी पितात आणि मऊ होतात, म्हणून वापरायच्या आधी तीन-चार मिनिटं कोमट पाण्यात ठेवायचा. तुम्ही दात घासेपर्यंत तो तयार होतो. शिवाय वापरता वापरता प्रत्येक केसाचं टोक फाटतं, एकाची दोन-तीन बारीक टोकं होतात. मग मूळ ताठ आणि टोक मऊ असा ब्रश मिळतो, जो वडीसाठी हवाच असतो. याला रोजच्या वापराचा महिनाभर तरी लागतो. पहिले काही दिवस ओल्या जनावराचा वास येईल आणि दोन-चार केसही गळतील. घाबरू नका. संध्याकाळी टीव्ही बघता बघता तळहातावर फेस करून, धुऊन वाळवलात तर हा काळ लवकर सरतो.

सिंथेटिकबद्दल लोकांच्या डोक्यात अजून जुना नायलॉनचा ब्रश बसलाय. जाड, सगळीकडे एकसारखा धागा, गालावर ओरखडे. गेल्या काही वर्षांत धागे बदललेत. आता ते टोकाकडे निमुळते होत जातात, त्यामुळे टोक अगदी मऊ लागतं. याकीसारख्या चिनी कंपन्यांनी हे ब्रश खूप स्वस्त केलेत. ऑनलाइन हजाराच्या आत सहज मिळतात, सेलमध्ये आणखी कमी. हे धागे पाणी शोषत नाहीत. म्हणून भिजवायची गरज नाही, वासही नाही, आणि तासाभरात कोरडा होतो. मुंबई-कोकणच्या पावसाळ्यात, जिथे टॉवेल दोन दिवस वाळत नाही, तिथे हा मोठा फायदा आहे. तोटाही त्याच गुणातून येतो. पाणी धाग्यांच्या आत नसतं, धाग्यांच्या मध्ये असतं, त्यामुळे दाबलं की भसकन बाहेर येतं. वडीवर धरताना तो आधी चांगला झटकून घ्यावा लागतो.

बॅजर? या बजेटमध्ये विसरा. चांगला बॅजर महाग असतो, आणि स्वस्तात "प्युअर बॅजर" म्हणून जे मिळतं ते टोकाला टोचतं आणि मधे लुळं असतं, म्हणजे दोन्हीकडून तोटा. घोड्याच्या केसांचेही ब्रश असतात आणि ते बरे असतात, पण आपल्याकडे सहज मिळत नाहीत. घोड्यावरून एक गोष्ट. पहिल्या महायुद्धाच्या काळात ब्रिटन आणि अमेरिकेत घोड्याच्या केसांच्या, नीट निर्जंतुक न केलेल्या ब्रशमुळे लोकांना अँथ्रॅक्स झाल्याच्या घटना नोंदलेल्या आहेत. आज कारखान्यात केसांवर प्रक्रिया होते, त्यामुळे घाबरायचं कारण नाही. पण आठवडी बाजारात पाकीट नसलेला, नाव नसलेला, उग्र वासाचा ब्रश तीस रुपयांना मिळतोय म्हणून उचलू नका.

दुकानात जाऊन घेणार असाल, म्हणजे पुण्यात बोहरी आळी किंवा मुंबईत क्रॉफर्ड मार्केटच्या आजूबाजूला, तर हातात घेऊन बघायची संधी सोडू नका. ब्रश तळहातावर दाबा आणि गोल फिरवा. केस पसरून मध्यभागी मुठीचं कडक टोक हाताला लागलं तर जुडगा विरळ आहे, ठेवून द्या. मग टोकं उजेडात धरा. कात्रीनं सपाट कापल्यासारखी दिसत असतील तर तो आयुष्यभर टोचणार, कारण केसांची नैसर्गिक टोकंच कापून टाकलेली आहेत. वरचा आकार थोडा घुमटासारखा हवा. शेवटी केस चिमटीत धरून हलकेच ओढा. एखादा आला तर ठीक, झुपका आला तर दुकानदाराला हसून परत द्या. मात्र डुकराचा ब्रश कोरडा असताना गालावर लावून नापास करू नका, ती परीक्षा भिजवल्यावरची. सिंथेटिकची परीक्षा तिथल्या तिथे करता येते, तो ओला आणि कोरडा जवळपास सारखाच लागतो.

मुठीवर पैसे घालवू नका. लाकडी मूठ दिसते छान, पण तिच्यावरचा पॉलिशचा थर गेला की पाणी पिऊन तडकते. प्लॅस्टिकची जाडसर, ओल्या हातातून न निसटणारी मूठ उत्तम.

आता वापर, कारण अर्धे मेसेज इथेच सुटतील. वडीवर चमचाभर कोमट पाणी टाका आणि तोंड धुऊन होईपर्यंत तसंच राहू द्या. मग ते पाणी ओतून टाका, किंवा गालांना लावा, वाया कशाला घालवायचं. ब्रश पिळू नका, दोन-तीनदा झटका. ओलसर हवा, टपटपणारा नको. वडीवर हलका दाब देऊन ३० सेकंद तरी गोल फिरवा. घड्याळ लावून बघा, ३० सेकंद वाटतात त्यापेक्षा बरेच मोठे असतात. टोकांवर टूथपेस्टसारखी घट्ट पेस्ट चिकटली की साबण पुरेसा उचललाय. मग गालावर किंवा वाटीत थेंब थेंब पाणी घालत फेटायचं. दह्यासारखा, चमकदार आणि मोठे बुडबुडे नसलेला फेस आला की थांबा. वाटीला तळाशी खरखरीत कडा असतील तर आणखी सोपं जातं. स्टीलच्या वाटीपेक्षा मातीचा किंवा सिरॅमिकचा जुना कप बरा.

तुर्कस्तानच्या आर्कोसारखी स्टिक असेल तर ब्रशचा प्रश्न थोडा हलका होतो. स्टिक थेट ओल्या खुंटांवर घासायची, खरवडायचं काम दाढीच करते. किंवा किसणीवर किसून वाटीत दाबून बसवायची. किसणी मात्र वेगळी ठेवा, नाहीतर आईचा ओरडा ठरलेला.

सगळं करूनही फेस बसत असेल तर नळाकडे बघा. बोअरवेलच्या पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम जास्त असतं. ते साबणाशी जोडलं गेलं की न विरघळणारा पांढरा साका होतो, बादलीच्या कडेला दिसतो तोच. तेवढा साबण फुकट गेला, फेसासाठी उरलाच नाही. सोपा उपाय म्हणजे पिण्याच्या आरओ फिल्टरचं ग्लासभर पाणी, दाढीला तेवढं पुरतं. नाहीतर वडीवर आणखी १५-२० सेकंद ब्रश फिरवा. हा साका ब्रशच्या मुळाशीही साचतो आणि केस राठ होतात. महिन्या-दोन महिन्यांनी, कपभर पाण्यात दोन चमचे पांढरा व्हिनेगर घालून ब्रश पाच मिनिटं बुडवा आणि स्वच्छ धुवा.

रोजची निगा फार नाही. उकळतं पाणी नको, केस आणि गोंद दोन्ही खराब होतात. हाताला सोसेल तेवढंच गरम. मुळापर्यंत धुऊन झटकायचा, टॉवेलवर फिरवायचा आणि वारा लागेल तिथे ठेवायचा. उलटा टांगला काय, सरळ उभा केला काय, फारसा फरक नाही. पण पावसाळ्यात ओला ब्रश बंद डबीत किंवा बाथरूमच्या कपाटात ठेवलात तर बुरशी येणारच. हॉस्टेलवाल्यांनो, ब्रश एकमेकांना देऊ नका. दाढी करताना बारीक जखमा होतात, दिसत नसल्या तरी.

हॉटेलवाल्या मित्राला मी काय सांगितलं? सकाळी सहाची शिफ्ट, भिजवायला वेळ नाही, खोलीत तिघे राहतात आणि बाथरूम कायम ओलं. त्याच्यासाठी २४ मिलिमीटरचा आखूड सिंथेटिक, दुसरा विचारच नको. तुम्ही एक दिवसाआड घरी निवांत दाढी करत असाल आणि डुकराचे केस चालत असतील, तर ओमेगाचा साधा ब्रश घ्या आणि त्याला महिना द्या. आणि घरात आधीच तो ४० रुपयांचा ब्रश असेल तर तोही फेकू नका. कीबोर्डची धूळ काढायला तो एक नंबर आहे.

पुढच्या भागात ब्लेड. मानेचे फोटो पाठवायचे असतील तर प्लीज जेवणाच्या वेळा टाळून पाठवा.