हृदयध्वनीचा आलेख

हृदयाच्या ठोक्याबरोबर ‘लब्-डब्’ असा जो जोडआवाज ऐकू येतो, तो प्रामुख्याने हृदयाच्या झडपा मिटण्याशी निगडित असतो. जवनिका, म्हणजे हृदयाचे खालचे दोन कप्पे, आकुंचन पावू लागताच रक्त वरच्या कप्प्यांत उलटे जाऊ नये म्हणून द्विदली व त्रिदली झडपा मिटतात आणि ताणलेल्या झडपा, रक्त व कप्प्यांच्या भिंती थरथरून पहिला ध्वनी उमटतो. आकुंचन संपल्यावर महाधमनी व फुप्फुसधमनी यांच्या मुखाशी असलेल्या झडपा मिटताना दुसरा उमटतो. पहिला सुमारे ०.१४ सेकंद टिकतो, दुसरा सुमारे ०.११ सेकंद.

पॅरिसच्या नेकर रुग्णालयात १८१६ साली रने लेनेक यांनी कागदाची सुरळी छातीला लावून हे ध्वनी ऐकले आणि त्यातूनच स्टेथोस्कोप जन्माला आला. मात्र ऐकलेला ध्वनी विरून जातो, त्याचे मोजमाप मागे उरत नाही. ही उणीव ओळखून लायडेनचे विलेम आइन्थोव्हेन यांनी १८९४ साली हृदयध्वनी उपकरणाने नोंदवले. अशा नोंदीला ध्वनिहृदयालेख म्हणतात आणि बहुधा तिच्यासोबतच हृदयाचा विद्युत आलेख, म्हणजे ईसीजीही घेतला जातो, कारण कोणता ध्वनी आकुंचनाच्या आरंभीचा आणि कोणता शेवटचा, हे त्यावरून ठरवता येते.

या आलेखात दोष आकाराने ओळखू येतात. महाधमनीची झडप अरुंद झाली की तिच्यातून जोराने जाणारे रक्त खळाळते आणि ‘मर्मर’ नावाचा जादा ध्वनी निर्माण होतो. तो पहिल्या ध्वनीनंतर सुरू होऊन चढत जातो आणि दुसऱ्या ध्वनीपूर्वी उतरतो, त्यामुळे आलेखावर पत्त्यांतील चौकटच्या खुणेसारखी आकृती उमटते. झडप जसजशी अधिक अरुंद होते, तसतसा त्या आकृतीचा माथा उशिराकडे सरकतो. दुसरा ध्वनीही बोलका असतो: श्वास आत घेताना हृदयाच्या उजव्या बाजूस अधिक रक्त येते, फुप्फुसधमनीची झडप किंचित उशिरा मिटते आणि त्या ध्वनीचे दोन भाग पडतात. वरच्या दोन कप्प्यांमधील पडद्याला जन्मतः छिद्र असेल, तर हे अंतर श्वास घेताना व सोडताना जवळपास तेवढेच राहते.

हृदयध्वनींची बरीचशी ऊर्जा २०० हर्ट्झच्या खाली असते आणि इतके खर्जातले आवाज टिपण्यात मानवी कान उणा पडतो. म्हणूनच नोंदीचे विश्लेषण मोलाचे ठरते. संगणक प्रथम गोंगाट गाळतो, मग ठोक्यांचे भाग पाडतो आणि प्रत्येक भागातील कंपनसंख्या व तीव्रता तपासतो. त्याची खरी कसोटी गाळणीतच लागते, कारण रुग्णाचे बोलणे, श्वासाची घरघर, आतड्यांची गुरगुर आणि स्टेथोस्कोप कातडीवर घासल्याचा आवाजही नोंदीत मिसळतो. फिजिओनेट या संशोधन संकेतस्थळाने २०१६ साली जगभरच्या संशोधकांपुढे ठेवलेल्या आव्हानात तर अशा नोंदींचे सामान्य व असामान्य असे वर्गीकरण करण्याबरोबरच निकालायोग्य नसलेली नोंद ओळखण्याचीही अपेक्षा होती.

झडपेचा प्रत्येक बिघाड ऐकू येतोच असे नाही, त्यामुळे अंतिम निदानासाठी ध्वनिलहरींनी हृदयाचे चित्र दाखवणारी इकोकार्डिओग्राफी आवश्यकच राहते. मात्र घशाच्या जंतुसंसर्गानंतर येणाऱ्या ऱ्हुमॅटिक तापाने मुलांच्या झडपा आजही निकामी होतात. त्यांच्या गावाजवळ इकोचे यंत्र नसेल, तर आरोग्य केंद्रातच घेतलेली मिनिटभराची स्वच्छ नोंद कोणत्या मुलाला तातडीने शहरात पाठवावे हे ठरवण्यास हातभार लावू शकते.