ऑलिंपिकच्या गावातून टँकर

गेल्या पावसाळ्यात आमची एस. टी. घाटात एका टँकरमागे तासभर खोळंबली होती. करण्यासारखे काही नव्हते, म्हणून मी टँकरच्या पाठीवरची पाटी वाचत बसलो. तिच्यावर ज्वाळेचे चित्र होते आणि एक आकडा होता, 1203. शेजारच्या गृहस्थांना विचारले, तर ते म्हणाले, "गाडीचा नंबर असेल." तो गाडीचा नंबर नव्हे, हे पुढे ग्रंथालयात कळले. 1203 म्हणजे पेट्रोल, 1017 म्हणजे क्लोरीन. संयुक्त राष्ट्रसंघाच्या तज्ज्ञांनी ठरवलेले हे क्रमांक मुंबईत, लंडनमध्ये आणि टोकियोत एकच असतात. अपघात झाला तर चालकाची भाषा न समजणाऱ्या बंबवाल्यालाही टाकीत काय आहे ते कळावे, एवढाच त्यामागचा हेतू.

मी कलाशाखेचा विद्यार्थी. रसायनशास्त्राशी माझा संबंध शालान्त परीक्षेपुरता. परंतु भूगोलाच्या तासाला वाहतुकीचे प्रकरण शिकताना हा आकडा पुन्हा आठवला आणि मनात एक प्रश्न आला. एखाद्या शहरात मोठा क्रीडामहोत्सव भरतो, लाखो प्रेक्षक येतात, रस्ते बंद होतात. त्या दिवसांत हा 1203 कुठून जातो? या लेखात त्याचेच उत्तर शोधण्याचा प्रयत्न केला आहे. उदाहरण घेतले आहे लंडनच्या 2012 सालच्या ऑलिंपिकचे.

सामने म्हटले की आपल्याला धावपटू दिसतात, पदके दिसतात. पण सामने आहेत म्हणून शहराचे पोट बंद राहत नाही. दूध, पाव, भाजी रोज लागते. इस्पितळांना प्राणवायूची नळकांडी लागतात, पंपांना पेट्रोल लागते. उलट पाहुणे वाढले म्हणजे मागणीही वाढते; आणि नेमक्या त्याच वेळी मालाला मिळणारा रस्ता मात्र कमी होतो. सगळी अडचण या दोन वाक्यांत आली.

लंडनचे ऑलिंपिक 27 जुलै ते 12 ऑगस्ट 2012 या काळात झाले आणि 29 ऑगस्ट ते 9 सप्टेंबरला अपंग खेळाडूंचे सामने झाले. खेळाडू, पंच व पत्रकार वेळेवर पोचावेत म्हणून शहरात सुमारे 175 किलोमीटर लांबीचे रस्ते 'ऑलिंपिक मार्ग' म्हणून ठरवण्यात आले. त्यांपैकी सुमारे 48 किलोमीटरवर एक स्वतंत्र पट्टा फक्त ऑलिंपिकच्या गाड्यांसाठी होता. इतर कोणी त्यात शिरला तर 130 पौंड दंड! शिवाय या मार्गांवर ठिकठिकाणी वळणे बंद झाली, आणि गाडी उभी करून माल उतरवण्यावर कडक बंधने आली. सायकल शर्यतींच्या दोन दिवशी, म्हणजे 28 व 29 जुलैला, मध्य लंडनपासून सरे परगण्यातील बॉक्स हिलपर्यंतचे रस्ते बंद होते. शर्यतीच्या वेढ्यात ज्याचे दुकान सापडले, त्याच्या दारी त्या वेळात ट्रक येणार कसा?

लंडनच्या वाहतूक खात्याने व्यापाऱ्यांना व ट्रकमालकांना आधीपासून एकत्र बसवले आणि चार साधी सूत्रे पुढे ठेवली : खेपा कमी करा, वेळ बदला, वाट बदला, साधन बदला.

खेपा कमी करणे म्हणजे टिकाऊ माल आधीच भरून ठेवणे. कागद, साबण, डबाबंद पदार्थ महिनाभर आधी आणता येतात. दुधाचे आणि माशांचे तसे नाही. वेळ बदलणे म्हणजे मुख्यतः रात्री माल पोचवणे. पण इथे एक जुना नियम आडवा येत होता. रहिवाशांची झोप मोडू नये म्हणून 1985 पासून लंडनच्या बहुतेक रस्त्यांवर 18 टनांहून मोठ्या ट्रकांवर रात्री व शनिवार-रविवारी निर्बंध आहेत. झोपही हवी आणि पावही हवा! यातून वाट काढण्यासाठी ध्वनिप्रदूषणाविरुद्ध काम करणाऱ्या संस्थेला बरोबर घेऊन शांतपणे माल उतरवण्याची एक आचारसंहिता तयार झाली. इंजिन बंद ठेवा, दार उघडण्यापूर्वी रेडिओ बंद करा, हाका मारू नका, ढकलगाडीच्या चाकांचा खडखडाट होऊ देऊ नका, अशा घरगुती वाटाव्यात अशा सूचना त्यात आहेत. साधन बदलण्याचा प्रयोग तर बांधकामापासूनच झाला. ऑलिंपिक उद्यानासाठी लागणाऱ्या मालापैकी वजनाने निम्मा माल रेल्वेने वा जलमार्गाने आणण्याचे उद्दिष्ट होते आणि मुख्यतः रेल्वेच्या जोरावर ते साधले.

ही झाली सामान्य मालाची गोष्ट. आता आपल्या टँकरकडे वळू. हीच चार सूत्रे धोकादायक मालाला लावून पाहिली, की प्रत्येक सूत्र कुठे ना कुठे अडते.

पहिले सूत्र, खेपा कमी करणे. पेट्रोल पंपाखालच्या टाकीत मावेल तेवढेच भरता येते. साठा वाढवणे म्हणजे धोका एका जागी गोळा करणे. याचा धडा ब्रिटनला त्याच वर्षीच्या मार्चमध्ये मिळाला होता. टँकरचालकांच्या संपाची नुसती आवई उठली, एका मंत्र्याने घरी डबाभर पेट्रोल ठेवण्याचा सल्ला दिला, आणि पंपांवर रांगा लागल्या. घरात एका भांड्यातून दुसऱ्यात पेट्रोल ओतताना एक स्त्री गंभीर भाजली. संप शेवटी झालाच नाही. म्हणजे धोकादायक माल आला तर धोका असतोच. पण तो येणार नाही या भीतीनेही धोका निर्माण होतो, आणि तो थेट स्वयंपाकघरात शिरतो.

दुसरे सूत्र, वेळ. इथे रात्र खरोखरच उपयोगी पडते. स्पेनमध्ये 11 जुलै 1978 रोजी क्षमतेपेक्षा जास्त प्रोपिलीन भरलेला टँकर किनाऱ्यालगतच्या रस्त्याने जात असता लॉस अल्फाकेस या सहलीच्या तळाशेजारी फुटला. ऐन सुटीचे दिवस, भर दुपार, तंबूंतून राहणारी कुटुंबे. दोनशेहून अधिक माणसे मेली. जवळच पथकराचा मोठा महामार्ग होता, तरी टँकर गर्दीच्या जुन्या रस्त्याने गेला होता. त्यानंतर तेथे अशा मालाला दिवसा वस्तीतून जाण्यास मनाई झाली. गर्दी आणि टँकर एका जागी एका वेळी येऊ द्यायचे नाहीत, हे नियोजनाचे पहिले कलम त्या तळावर लिहिले गेले असे म्हणावेसे वाटते. परंतु रात्र पाळायची तर चालकाने दिवसा कुठे झोपायचे, हेही ठरवावे लागते. युरोपच्या नियमाप्रमाणे साडेचार तास गाडी हाकल्यावर पाऊण तास विसावा सक्तीचा आहे. पेट्रोलने भरलेली गाडी वाटेल तिथे उभी करता येत नाही. तिला थांबण्याची जागा नकाशावर आधी असावी लागते.

तिसरे सूत्र, वाट. पूर्व लंडनमध्ये हे सर्वांत अवघड. ऑलिंपिक उद्यान होते थेम्सच्या उत्तरेला, स्ट्रॅटफर्ड भागात. टॉवर ब्रिज ओलांडून पूर्वेकडे गेले की थेट डार्टफर्डपर्यंत नदीवर वाहनांसाठी एकही पूल नाही, आणि टॉवर ब्रिजवर 18 टनांची मर्यादा. मध्ये बोगदे आहेत. पण युरोपात धोकादायक मालाच्या दृष्टीने बोगद्यांचे 'ए' ते 'ई' असे वर्ग केलेले असतात. 'ए' म्हणजे मोकळा, 'ई' म्हणजे जवळजवळ सर्व धोकादायक मालाला बंद. ब्लॅकवॉल आणि रॉदरहाइथ हे दोन्ही बोगदे 'ई' वर्गातले. राहता राहिले डार्टफर्ड. दक्षिणेकडे जाताना तिथे 1991 सालचा पूल आहे. उत्तरेकडे येताना 'सी' वर्गाचा बोगदा असून काही प्रकारच्या मालाला तिथे थांबवून पहाऱ्यात पलीकडे नेतात.

आता गंमत पाहा. ब्लॅकवॉल बोगद्यातून ऑलिंपिक मार्गही जात होता. तिथल्या गर्दीला कंटाळून साधे ट्रक डार्टफर्डकडे वळले, तर ज्याला दुसरे दारच नाही त्या टँकरचे एकमेव दार तुंबणार. साध्या ट्रकला दिलेला 'वाट बदला' हा सल्ला असा टँकरच्या मुळावर येऊ शकतो. म्हणून ज्या काठावर पंप, त्याच काठावरच्या डेपोतून पेट्रोल आणणे शहाणपणाचे. चौथ्या सूत्राचेही तेच. रेल्वे डेपोपर्यंत नेईल. पंपापर्यंतचे शेवटचे काही मैल रस्त्यानेच जावे लागतात.

हा माल क्रीडांगणाच्या बाहेरचाच असतो असेही नाही. पोहण्याच्या तलावाला जंतुनाशक रसायने हवीत, विजेच्या जनित्रांना डिझेल हवे, समारंभाला दारूकाम हवे. एवढेच काय, जी ऑलिंपिक मशाल पाहून आपण भारावतो, ती लंडनच्या वेळी प्रोपेन व ब्युटेन वायूंच्या मिश्रणावर जळत होती. म्हणून क्रीडांगणाला लागणाऱ्या मालाची तपासणी दूरच्या तळावर करायची, गाडीला सील ठोकायचे आणि ठरल्या वेळीच तिला आत घ्यायचे, अशी पद्धत ठेवली जाते.

लंडनचे सामने पार पडले आणि दुकाने ओस पडली नाहीत. पुष्कळ लंडनकरांनी त्या दिवसांत आपले रोजचे प्रवास आवरते घेतले होते, हेही त्यामागचे एक कारण. पण मला यातून दिसते ते असे. आपण आधी पाहुण्यांचे रस्ते ठरवतो, मग बसचे, आणि उरलेसुरले ट्रकला देतो. टँकर तर यादीत सर्वांत शेवटी, तोही बहुधा 'मनाई' या एका शब्दात. खरे तर क्रम उलटा हवा. ज्याला सर्वांत कमी पर्याय आहेत, त्याची वाट, वेळ आणि विसाव्याची जागा सर्वांत आधी आखली पाहिजे. मनाईची पाटी लावून टँकर नाहीसा होत नाही. तो फक्त आपल्या नजरेआड, कुठल्या तरी दुसऱ्या वस्तीच्या तोंडाशी जाऊन उभा राहतो.

दिल्लीने 2010 साली राष्ट्रकुल सामने भरवले, तेव्हा तिथेही राखीव पट्टे आखले गेले होते. 2030 चे राष्ट्रकुल सामने अहमदाबादला होणार आहेत. तेव्हा आपण दूरदर्शनसमोर बसून पदके मोजू, ती मोजावीतच. पण त्याच रात्री शहराबाहेर कुठे तरी 1203 ची पाटी लावलेला एक टँकर आपल्या वेळेची वाट पाहत उभा असेल. त्याच्या चालकाला झोपायला जागा आणि जायला रस्ता कोणी आखून ठेवला आहे की नाही, यावरही त्या सामन्यांचे यश मोजले पाहिजे.