तक्ता वाचला, धडा अडला

राळेगावच्या शाळांत वर्षातून एकदा राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचं पथक येतं. २०१३ मध्ये पालघरला सुरू झालेल्या या योजनेत दृष्टिदोष आणि अध्ययन अक्षमता दोन्ही तपासतात. पण दूरदृष्टिदोष असलेलं, म्हणजे जवळचं धूसर दिसणारं पोर सहा मीटरवरचा तक्ता घडाघडा वाचतं आणि सुटतं. पुस्तक उघडलं की दोन ओळींत डोळे चोळतं, डोकं दुखतं म्हणतं. ‘लक्षच नसतं याचं’ हे रोज ऐकून बुजतं, शाळा टाळू लागतं. चष्म्याने हे बरंचसं निवळतं. डिस्लेक्सिया, म्हणजे वाचनाची अध्ययन अक्षमता, मात्र नाही. तो डोळ्यांचा दोषच नव्हे, तिथे शिकवण्याची पद्धत बदलावी लागते. त्यासाठी रंगीत काचांवर तर पैसे घालवूच नयेत. आधी नेत्रतज्ज्ञाकडून थेंब टाकून नंबर काढून घ्यावा.