आधी मोजपट्टी, मग मिक्सर!

एक सोपा प्रश्न विचारू? तुमच्या स्वयंपाकघरातल्या ओट्याची उंची किती? गॅस कुठे, फ्रिज कुठे, खाऊचा डबा कुठल्या फळीवर, हे तुम्ही डोळे मिटूनसुद्धा सांगाल. पण उंची? अडलात ना! आता आईला विचारा. कदाचित तिलाही सांगता यायचं नाही. पण संध्याकाळी तिची कंबर का दुखते ते विचारलंत, तर ती लगेच ओट्याकडे बोट दाखवील.

हल्ली स्वयंपाकघर नवं करायची टूम निघाली आहे. दुकानांतून गुळगुळीत कागदावरची रंगीत पुस्तकं मिळतात. त्यातली स्वयंपाकघरं आपल्या अख्ख्या घराएवढी! ती बघून आईबाबा एकमेकांकडे बघतात आणि पुस्तक मिटून ठेवतात. खरं तर लहान घरात, बेताच्या पैशांतही पुष्कळ करता येतं. त्यातलं निम्मं काम वही, पेन्सिल आणि मोजपट्टीचं असतं, आणि ते तुम्ही करू शकता.

उदाहरणासाठी आपण खारदांड्याला जाऊ. खार स्टेशनातून पश्चिमेला, समुद्राच्या दिशेनं चालत निघालं, की उंच इमारती मागे पडतात, गल्ल्या अरुंद होतात, वाऱ्याला माशांचा वास येतो. दांडा आला! मुंबईतल्या जुन्या कोळीवाड्यांपैकी हा एक. घराला घर लागून, भिंतीला भिंत. इथलं एक घर आपण मनाशी धरू. आजी, आई, बाबा आणि दोन मुलं. स्वयंपाकघर ८ फूट बाय ६ फूट. कडाप्प्याचा जुना ओटा, कोपऱ्यात मोरी, दाराला गंज चढलेला फ्रिज, चालू केला की जळका वास सोडणारा मिक्सर. आणि साठवलेले ४० हजार रुपये.

पहिल्या आठवड्यात यातला एक रुपयाही खर्च करायचा नाही!

या आठवड्यात चौकटीच्या कागदावर स्वयंपाकघराचा नकाशा काढायचा. एक चौकट म्हणजे ६ इंच. त्यावर गॅस, नळ, फ्रिज, डब्यांची मांडणी दाखवायची. मग आई स्वयंपाकाला लागली, की कोपऱ्यात गुपचूप बसायचं आणि ती जिथून जिथे जाईल तिथवर रेघ ओढायची. अर्ध्या तासात कागदावर कोळ्याचं जाळं तयार होतं. (मासे धरायचं नाही, भिंतीवरच्या कोळ्याचं!) जिथे रेघा दाट, तिथे आईची दमणूक. तांदळाचा डबा एका टोकाला आणि नळ दुसऱ्या टोकाला असेल, तर डबा हलवायला काय पैसे पडतात?

असं मोजून स्वयंपाकघर आखायचं काम जर्मनीतल्या फ्रँकफर्ट शहरात १९२६ साली मोठ्या प्रमाणावर झालं. पहिल्या महायुद्धानंतर तिथे घरांची टंचाई होती. कामगारांसाठी लहान लहान घरं बांधायची होती. त्यांचं स्वयंपाकघर आखलं मार्गारेटे शूटे-लिहोत्स्की या वास्तुकार बाईंनी. त्यांनी हातात घड्याळ घेऊन कुठल्या कामाला किती वेळ लागतो ते मोजलं. आगगाडीच्या भोजनाच्या डब्यातलं चिंचोळं स्वयंपाकघर त्यांनी डोळ्यांसमोर ठेवलं. शेवटी जे तयार झालं, ते जेमतेम सव्वासहा फूट रुंद आणि अकरा फूट लांब! अशी सुमारे १० हजार स्वयंपाकघरं फ्रँकफर्टमध्ये बसवली गेली. आज आपण ज्याला मॉड्युलर किचन म्हणतो, त्याची ही आजीच म्हणा ना! गंमत म्हणजे त्या बाई स्वतः तोवर स्वयंपाकाच्या वाटेलाही गेलेल्या नव्हत्या. जन्म १८९७ चा, आणि २००० साली त्या गेल्या तेव्हा वयाची १०३ वर्षं पुरी व्हायला अवघे काही दिवस उरले होते.

पण फ्रँकफर्टचा नकाशा दांड्याला जसाच्या तसा चालेल का? मला नाही वाटत. त्या स्वयंपाकघरात एका वेळी एकच माणूस काम करू शकायचं. दांड्यात टोपलीभर मासळी साफ करायची, तर आजी, आई आणि एखादी शेजारची मावशी अशा दोघीतिघी लागतात. तेही उभ्यानं नाही, खाली बसून, पायाखाली विळी धरून. म्हणून मोरी मोडून तिथे चकचकीत सिंक बसवायचा सल्ला कुणी दिला, तर आधी आजीचं मत घ्या. सिंक भांड्यांसाठी ओट्यावर येऊ दे, पण मोरी राहू दे. तिला दर फुटाला पाव इंच उतार हवा, म्हणजे पाणी साचत नाही. पाइपाच्या तोंडाशी काढता-घालता येणारी जाळी हवी, म्हणजे खवले अडकून गटार तुंबत नाही. या कामाला पैसे थोडे लागतात, पण सुख रोजचं.

आता उंचीकडे वळू. आईला भिंतीजवळ उभं करा. हात कोपरात काटकोनात वाकवायला सांगा. कोपर जिथे येईल, तिथे भिंतीवर खडूनं खूण करा. या खुणेच्या ४ ते ६ इंच खाली ओटा असला, म्हणजे भाजी चिरताना वाकावं लागत नाही. ५ फूट उंचीच्या आईसाठी हे माप साधारण ३२ ते ३४ इंच येतं. गॅसची शेगडी मात्र स्वतःच काही इंच उंच असते, आणि तिच्यावर टोप चढला की ढवळताना खांदा वर उचलावा लागतो. म्हणून शेगडीपुरता ओटा ३-४ इंच खाली घेतलेला बरा. गवंडीदादा कुरकुर करतील, "असं कुणी करत नाही" म्हणतील. खडूची खूण दाखवा! आणि ओटा नवा करायचाच नसेल, तर? तो उंच असेल तर पायाखाली रुंद, न डगमगणारा पाट ठेवायचा. ठेंगणा असेल तर चिरायच्या फळीला खालून पाय लावून घ्यायचे.

नवा ओटा कशाचा करायचा? कडाप्पा स्वस्त, मजबूत, पण तो चुनखडीच्या जातीचा दगड आहे. कोकम, चिंच, लिंबू सांडलं की त्यावर डाग पडतो. जुन्या ओट्याच्या कोपऱ्यात लिंबाचा एक थेंब रात्रभर ठेवून बघा. ग्रॅनाइटला हा त्रास नाही. म्हणून वरची फरशी ग्रॅनाइटची, खालचे कप्पे कडाप्प्याचे, असा मेळ घातला की पैसेही वाचतात. कालवणात आंबट पडणारच!

दांड्याला आणखी एक पाहुणा कायमचा मुक्कामाला असतो. खारा वारा. हवेतले मिठाचे कण ओल धरून ठेवतात आणि लोखंडाला भराभर गंज चढतो. भुशाच्या पट्ट्यांची कपाटं पावसाळ्यात फुगतात. म्हणून या घरात पुस्तकातली लाकडी कपाटं करण्यात अर्थ नाही. कडाप्प्याचे उघडे कप्पे, त्यांना ॲल्युमिनियमची दारं किंवा नुसता धुता येणारा पडदा, एवढं पुरे. बिजागऱ्या आणि कड्या मात्र '३०४' जातीच्या स्टेनलेस स्टीलच्या मागा. त्यात साधारण १८ टक्के क्रोमियम आणि ८ टक्के निकेल असतं. क्रोमियमचा हवेशी संयोग होऊन धातूवर अगदी पातळ पापुद्रा तयार होतो, तोच गंज अडवतो. मुंबईत विजेचं सामान लोहार चाळीत मिळतं. तिथे जायचं झालं, तर स्क्रूसुद्धा त्याच जातीचे मिळतील का, तेही विचारून ठेवा. चांगल्या बिजागरीला साधा स्क्रू लावला, तर गंज तिथूनच सुरू होतो.

आता जे कुणाला दिसत नाही, तिकडे येऊ. माझं मत विचाराल, तर ४० हजारांतले पहिले पैसे इथेच जायला हवेत. वीज आणि गॅस. (तारांना हात फक्त जाणकार वायरमननं लावायचा, तुम्ही गणित करायचं!) आपल्याकडे घरातली वीज २३० व्होल्टची. लहान सॉकेट ६ अँपिअरचं. ६ गुणिले २३० म्हणजे १३८० वॅट. आणि इंडक्शनची शेगडी असते २००० वॅटपर्यंत! ती लहान सॉकेटवर चालवली तर तार तापते. म्हणून तिला १६ अँपिअरचं मोठं सॉकेट आणि जाड तार लागते. ओल्या हातांच्या घरात अर्थिंग नीट असणं, आणि गळती झाली की क्षणात वीज तोडणारा आर.सी.सी.बी. बसवणं, हे नव्या टाइल्सपेक्षा किती तरी महत्त्वाचं.

सिलिंडरमधला गॅस हवेपेक्षा जड असतो. गळला तर जमिनीलगत साचतो. म्हणून सिलिंडर बंद कपाटात कोंडायचा नाही. कपाट असलंच, तर त्याला तळाशी भोकं हवीत. पाइपानं येणारा गॅस उलट हवेपेक्षा हलका, तो वर चढतो. त्याला खिडकी वरच्या बाजूनं उघडी हवी. मुंबईत हा गॅस पुरवणारी महानगर गॅस कंपनी १९९५ साली स्थापन झाली. पुढेमागे तुमच्या गल्लीत पाइप आला, तर शेगडी फेकायची नाही, तंत्रज्ञाकडून तिच्या नळ्यांची तोंडं बदलून घ्यायची. एक गुपितही सांगतो. सिलिंडरच्या कड्याजवळच्या पट्टीवर A, B, C, D यांपैकी एक अक्षर आणि दोन आकडे असतात. A म्हणजे जानेवारी ते मार्च, B म्हणजे एप्रिल ते जून, असं पुढे. आकडे वर्षाचे. 'B-27' म्हणजे २०२७ च्या जूनपर्यंत त्या सिलिंडरची पुढची तपासणी व्हायला हवी. तारीख उलटलेला सिलिंडर घरात घ्यायचाच नाही. रबरी नळीवरचं वर्षही वाचा, ती ५ वर्षांनी बदलायची. आणि गॅसचा वास आला, तर १९०६ हा नंबर, पण घराबाहेर पडून लावायचा.

धूर बाहेर काढणारा पंखा गॅसच्या बाजूला, शक्य तितका उंच लावा. दांड्यात अडचण अशी, की तुमचा पंखा नेमका शेजारच्या काकूंच्या खिडकीत तोंड करून असतो! त्यांना आधी विचारा. भिंत पाडायची किंवा नवीन खिडकी काढायची असेल, तर महापालिकेच्या एच-पश्चिम विभागाच्या कार्यालयातही.

एवढं झालं, की मग यंत्रं. फ्रिज खरंच गेला आहे का? दाराच्या रबरात एक कागद धरून दार लावा आणि कागद ओढा. सहज निघाला, तर थंडी तिथूनच निसटते आहे. नुसतं रबर बदलून काम भागतं. नवा घ्यायचाच झाला, तर लेबल वाचा. ऊर्जा दक्षता ब्यूरो ही केंद्र सरकारची संस्था २००२ साली निघाली आणि २००६ पासून ताऱ्यांची लेबलं आली. पण नुसते तारे मोजून फसू नका, कारण ताऱ्यांचे निकष मधूनमधून कडक होतात. लेबलवर 'वर्षाला किती युनिट' लिहिलेलं असतं, तो आकडा बघा. एक फ्रिज १८० युनिटांचा, दुसरा २४० चा. फरक ६० युनिटांचा. युनिटमागे ८ रुपये धरले, तर वर्षाचे ४८० आणि १० वर्षांचे ४८०० रुपये. दोघांच्या किमतीतला फरक यापेक्षा कमी असेल, तर महागडा फ्रिजच स्वस्त!

मिक्सरची गोष्ट तर आपल्या देशातलीच आहे. साठच्या दशकात परदेशी मिक्सर मिळायचे, पण आपली सुकी मिरची, हळकुंड, भिजवलेली डाळ दळता दळता त्यांची मोटार जळायची. माधुरी माथूर यांच्या घरचा असाच एक बिघडला. त्यांचे यजमान सत्यप्रकाश माथूर इंजिनिअर होते. त्यांनी दणकट मोटारीचा मिक्सर तयार करायचं मनावर घेतलं. १९६३ साली त्यांनी कंपनी काढली, आणि 'सुमीत' मिक्सर घराघरांत पोचला. दुकानात आपणही हेच विचारायचं, यात सुकं वाटण होईल का? पण वर्षाचा कोळी मसाला मसाला-कांडपाच्या चक्कीवरच जाणार असेल, तर घरी सर्वांत मोठा मिक्सर हवाच कशाला?

इंडक्शन घ्यायच्या आधी एक लोहचुंबक घेऊन सगळ्या भांड्यांच्या बुडाला लावा. चिकटेल ते भांडं चालेल. ॲल्युमिनियमचे टोप, मातीची तवी, तांब्याची भांडी चालत नाहीत. निम्मी भांडी नवीन घ्यावी लागणार असतील, तर तेही पैसे हिशेबात धरा.

हिशेबाची वही तुमच्याकडे ठेवा. प्रत्येक वस्तूचे तीन दुकानांतले भाव लिहा. ४० हजारांतले ४ हजार आधीच वेगळे काढा, कारण जुनी फरशी उखडली की खाली काय निघेल ते गवंडीही सांगू शकत नाही. आणि काम कधी काढायचं? जून-जुलैत मासेमारी बंद असते, होड्या किनाऱ्यावर असतात, बाबा घरी असतात. पण त्याच दिवसांत हातात पैसा येत नाही आणि पावसात सिमेंटही लवकर वाळत नाही. एप्रिलच्या परीक्षा संपल्यावर सुरू करून मेअखेर उरकलेलं उत्तम.

जाता जाता, नकाशात एक चौकोन राहिला. आजीचा पाटा-वरवंटा. मिक्सर आला तरी थोडं वाटण ती त्याच्यावरच करणार. त्याची लांबी-रुंदी मोजा, आणि मोरीजवळ, तिला भिंतीला टेकून बसता येईल अशी जागा त्याच्यासाठी आखा. गवंडी यायच्या आधी!